जहाजाची धडक आणि प्रवाशांच्या पडण्याच्या दुखापती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेरीबोट जेट्टीवर आदळते, दोन बोटी एकमेकींवर येतात, वेगात निघालेली कॅटमरान (दोन सांगाड्यांची बोट) पाण्यातल्या ओंडक्यावर चढते. दुसऱ्या दिवशी बातमीत एक ओळ असते: "काही प्रवासी किरकोळ जखमी." त्या "किरकोळ" शब्दाचा मला राग येतो. माझी मावशी अशाच एका धडकेत पडली तेव्हा तिचंही नाव किरकोळ जखमींच्या यादीत होतं. पुढे काय झालं ते खाली डोक्याच्या माराच्या प्रश्नात सांगितलं आहे.

हे पान साध्या प्रवाशांसाठी आणि त्यांच्यासोबत असलेल्यांसाठी आहे. डॉक्टरांनी तपासण्याला ते पर्याय नाही. बुडण्याचा विषय मोठा आणि वेगळा आहे, म्हणून इथे मुख्यतः पडण्याबद्दलच लिहिलं आहे.

जहाज तर सावकाश चाललेलं असतं. मग एवढं लागतं कसं?

कारण जहाज थांबतं, पण त्यावर उभा असलेला माणूस थांबत नाही. १२ नॉट ऐकायला कमी वाटतं. पण १२ नॉट म्हणजे ताशी सुमारे २२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सहा मीटर. त्या वेगाने चाललेली बोट काँक्रीटच्या धक्क्यावर आदळून क्षणात थांबली, की उभा माणूस त्याच वेगाने पुढे फेकला जातो. मोटारीत निदान पट्टा असतो, समोर एअरबॅग असते. बोटीवर समोर असतात लोखंडी खांब, सीटच्या कडा, दरवाजांचे उंच उंबरठे आणि जिने.

९ जानेवारी २०१३ रोजी न्यूयॉर्कमध्ये 'सीस्ट्रीक वॉल स्ट्रीट' ही फेरी मॅनहॅटनच्या पिअर ११ वर साधारण १२ नॉट वेगाने आदळली. सुमारे ८० जण जखमी झाले, त्यातले ४ गंभीर. सकाळची कामावर जायची वेळ होती. बोट धक्क्याला लागतेच आहे म्हणून बरेच जण आधीच उठून दाराशी आणि जिन्यावर उभे होते. आपण सगळेच तसं करतो. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात फोन, नजर बाहेर. अशा वेळी धक्का बसला तर पकडायला हातच मोकळा नसतो. माझ्या मते, जहाजाच्या वेगापेक्षा ही सवय जास्त हाडं मोडते.

अशा अपघातात कुठल्या दुखापती जास्त दिसतात?

माणूस कसा पडला त्यावर ते ठरतं. पुढे पडताना हात टेकला तर मनगट, कोपर किंवा खांदा. हात टेकायला वेळच मिळाला नाही तर कपाळ, नाक, दात आणि हनुवटी. कुशीवर पडलं तर खुबा आणि बरगड्या. पार्श्वभागावर धपकन बसलं तर कमरेचा मणका आणि माकडहाड. जिन्यावरून गडगडलं तर यातलं काहीही आणि बहुतेक वेळा एकाहून जास्त. म्हणून जिन्यावरून पडलेल्याचं मनगट मोडलेलं सापडलं, की तेवढ्यावर तपासणी थांबवू नये. दुखऱ्या मनगटापुढे मानेचं दुखणं माणसाला जाणवतच नाही.

याशिवाय सुटं सामान अंगावर येतं: सूटकेसा, खुर्च्या, गरम पेयं. आणि जहाज व धक्का यांच्या मध्ये हात किंवा पाय सापडून चेंगरणं, ही तर सगळ्यात वाईट दुखापतींपैकी एक.

धडक बसणार हे काही सेकंद आधी कळलं तर काय करावं?

खाली बसा. सीट जवळ असेल तर सीटवर, नसेल तर सरळ डेकवर. शक्य असेल तर जहाजाच्या पुढच्या बाजूच्या भिंतीला पाठ लावून बसा, म्हणजे धक्का पाठीला सपाट बसेल. हातातलं सगळं सोडून द्या. जिना, काचा, लिफ्ट आणि रचून ठेवलेलं सामान यांच्यापासून बाजूला व्हा. लहान मुलाला कडेवर घेऊन उभं राहू नका. त्याला खाली बसवा आणि स्वतः त्याला धरून बसा. कठड्याबाहेर हात काढून धक्क्याला "थोपवायचा" प्रयत्न तर कधीच करू नका. शेकडो टनांची बोट हाताने थांबत नाही, बोटं मात्र जातात.

धडक झाल्यावर लगेच उठावं का?

नाही. पहिल्या धक्क्यानंतर बोट पुन्हा आपटू शकते, कलू शकते किंवा मागे येताना हिसका देऊ शकते. घाईने उठलेली माणसं दुसऱ्यांदा पडतात. आधी जागच्या जागी हात-पाय हलवून बघा, मान दुखते का बघा, मग कशाला तरी धरून उठा. लाइफ जॅकेट जवळ असेल तर घाला.

सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा हा सर्वसाधारण आणीबाणीचा इशारा असतो. तो वाजला, पाणी आत येत असेल किंवा आग लागली असेल, तर मोडलेल्या हाडाला फळी बांधत बसायचं नाही. आधी माणूस सुरक्षित जागी न्यायचा, उपचार नंतर.

एकदम दहा-वीस जण पडले आहेत. आधी कोणाकडे जायचं?

जो गप्प आहे त्याच्याकडे. ओरडणाऱ्याचा श्वास चालू आहे आणि तो शुद्धीवर आहे, एवढं तर त्याच्या ओरडण्यावरूनच कळतं. कोपऱ्यात पडून राहिलेला, हाक मारल्यावर नुसते डोळे उघडणारा किंवा तेही न करणारा माणूस जास्त धोक्यात असतो. "ज्यांना चालता येतं त्यांनी या बाजूला या" असं मोठ्याने सांगितलं की गर्दी विभागली जाते आणि कोण उरलं ते दिसतं.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने, नसेल तर मिळेल त्या कापडाने, तळहाताने जोर लावून दाबा. थांबलं का हे बघायला दर मिनिटाला कापड उचलू नका. कापड भिजलं तर त्यावर दुसरं ठेवून आणखी जोरात दाबा. हातापायातून रक्ताची धार लागली असेल आणि दाबून थांबत नसेल, तर टुर्निके (रक्त थांबवायचा आवळपट्टा) जखमेच्या चार बोटं वर, सांधा सोडून, घट्ट आवळा आणि आवळल्याची वेळ लिहून ठेवा. ती वेळ पुढच्या डॉक्टरला लागते.

श्वास चालत नसेल तर सीपीआर (छाती दाबणं आणि तोंडाने श्वास देणं) सुरू करा आणि एकाला एईडी (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) आणायला पाठवा. पाण्यातून काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर सुरुवात तोंडाने दिलेल्या श्वासांनी करतात, कारण त्याला आधी ऑक्सिजन कमी पडलेला असतो.

मान किंवा पाठ दुखते म्हणणाऱ्याला हलवायचं की नाही?

आग, पाणी किंवा कोसळणारं काही नसेल तर हलवू नका. त्याला सांगा, "मान हलवू नका, माझ्याकडे बघायला वळू नका," आणि स्वतः त्याला दिसेल अशा जागी बसा. हे साधं वाटतं, पण डोक्यामागून बोललं की माणूस आपोआप मान वळवतो.

मान किंवा पाठीच्या मधोमध, हाडावर दुखणं, हातापायांना मुंग्या, बधिरपणा किंवा ताकद जाणं, ही काळजीची लक्षणं. तीन फुटांवरून किंवा पाच पायऱ्यांवरून पडलेला माणूस आणि ६५ वर्षांवरचा माणूस, यांची मान स्कॅनशिवाय "ठीक आहे" म्हणायची नाही, असा डॉक्टरांमध्ये रूढ नियम आहे.

वळवावंच लागलं तर चार जण लागतात. एक जण डोक्याशी. तो दोन्ही हातांनी डोकं धरतो आणि हुकूम फक्त त्याचाच. बाकीचे खांदा, कंबर आणि पाय यांना धरून त्याच्या "एक, दोन, तीन"वर सगळं अंग ओंडक्यासारखं एकदम वळवतात. स्ट्रेचरची कडक फळी उचलून नेण्यापुरती वापरायची. तासन् तास त्यावर झोपवून ठेवलं तर पाठ सोलवटते आणि श्वासालाही त्रास होतो.

माणूस बेशुद्ध असेल, श्वास घेत असेल आणि उलटी होत असेल, तर मात्र मान आणि पाठ एका रेषेत ठेवून त्याला कुशीवर वळवाच. मणक्याच्या भीतीने उलटी घशात अडकू द्यायची नाही.

डोकं आपटलं, पण शुद्ध गेली नाही. तरी दवाखान्यात जायला हवं का?

माझी मावशी ७१ वर्षांची होती. बोट धक्क्याला आदळली, ती सीटच्या कडेवर डोक्याच्या उजव्या बाजूने पडली. टेंगूळ आलं, बर्फ लावला, अर्ध्या तासात ती स्वतः चालत उतरली. "मला काही झालेलं नाही" हे तिने त्या दिवशी आम्हाला निदान दहा वेळा सांगितलं. तिसऱ्या आठवड्यात तिच्या डाव्या हातातून कप सुटायला लागला. आधी एकदा, मग रोज. बोलताना शब्द शोधावा लागायचा. आम्हाला वाटलं, वय झालं. सीटी स्कॅनमध्ये कवटीखाली साचलेलं रक्त दिसलं. कवटीला छिद्र पाडून ते काढलं आणि दोन दिवसांत तिच्या हातात कप पुन्हा नीट राहायला लागला. ती हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी घेत होती. उतरताना तिला कोणी ते विचारलं नाही, आणि आम्हालाही सांगावंसं सुचलं नाही.

तर उत्तर असं. वॉरफॅरिन, अपिक्साबॅन, रिव्हरॉक्साबॅन, डॅबिगॅट्रान यांपैकी काही चालू असेल आणि डोकं आपटलं असेल, तर लक्षणं असोत-नसोत, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि गोळीचं नाव सांगा. बहुतेक वेळा सीटी स्कॅन करतात. गोळी आपल्या मनाने बंद मात्र करू नका. वय ६५ च्या वर असेल, दोनदा उलटी झाली असेल, शुद्ध गेली असेल, धडकेच्या आधीचं आठवत नसेल, जिन्यावरून पडला असाल, झटका आला असेल किंवा नाका-कानातून पाण्यासारखं काही येत असेल, तरीही लगेच दाखवा.

पहिले २४ तास अशा माणसाला एकटं ठेवू नये. झोपू द्यायला हरकत नाही. "झोपू देऊ नका" हा समज जुना आहे. मात्र डोकेदुखी वाढत जाणं, उठवल्यावर नीट जाग न येणं, बोलणं अडखळणं किंवा एका बाजूची ताकद कमी होणं दिसलं, तर वाट बघू नका. वयस्क माणसात हीच लक्षणं दोन-चार आठवड्यांनीही येऊ शकतात, म्हणून कॅलेंडरवर धडकेची तारीख लिहून ठेवा.

आजी पडल्या आणि त्यांना उठताच येत नाही. पाय आखूड दिसतो आहे.

हे खुब्याचं हाड मोडल्याचं ठळक लक्षण आहे: दुखरा पाय किंचित आखूड आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं. उभं करायचा प्रयत्न करू नका. पाय सरळ करायला ओढू नका. गुडघ्याखाली आणि पायाच्या बाहेरच्या बाजूला उशा किंवा लाइफ जॅकेट लावून आहे त्या स्थितीत आधार द्या. डेक थंड आणि ओला असतो, म्हणून अंगाखाली आणि अंगावर पांघरूण घाला.

काही वेळा हाड मोडून एकमेकांत रुतून बसतं आणि माणूस लंगडत चार पावलं चालतोसुद्धा. जांघेत दुखत असेल आणि वजन टाकताना कळ येत असेल तर एक्स-रे हवाच. तो स्वच्छ आला आणि दुखणं तसंच राहिलं तर एमआरआय किंवा सीटी करायला सांगा.

खुब्याची शस्त्रक्रिया जहाजावर होत नाही. ती साधारण पहिल्या एक-दोन दिवसांत व्हावी असा प्रयत्न असतो, कारण अंथरुणावर पडून राहिल्याने न्यूमोनिया, पायात रक्ताच्या गुठळ्या, पाठीला जखमा आणि भ्रम हे सगळं मागे लागतं. म्हणून वयस्क माणसाचा खुबा मोडला असेल तर "पुढच्या बंदरात बघू" हे उत्तर घरच्यांनी मुकाट्याने घेऊ नये. पुढचं बंदर किती तासांवर आहे ते विचारा.

मनगट सुजलं आहे. पहिली गोष्ट कुठली?

अंगठी काढा. अगदी आत्ता. सूज चढायला लागली की अर्ध्या-पाऊण तासात अंगठी बोटात रुतते, बोट निळसर पडतं आणि मग ती कापावी लागते. साबणाच्या पाण्याने किंवा तेलाने सरकते. घड्याळही काढा.

मग हात आहे त्या आकारात जाड मासिकावर किंवा गुंडाळलेल्या टॉवेलवर ठेवून बांधा आणि गळ्यात झोळी करून हात छातीशी, हृदयापेक्षा थोडा वर ठेवा. नखावर दाबून सोडा. दोनेक सेकंदांत गुलाबी रंग परत यायला हवा. बोटं थंड, पांढरी किंवा बधिर पडली तर बांधणी सैल करा आणि घाई करा.

अंगठ्याच्या मुळाशी, अंगठा ताणल्यावर जो खड्डा पडतो, तिथे दाबल्यावर दुखत असेल तर स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड मोडलेलं असू शकतं. पहिल्या एक्स-रेमध्ये ते बऱ्याचदा दिसत नाही. साधारण दहा-चौदा दिवसांनी पुन्हा बघतात, तोवर स्प्लिंट काढू नका. हे हाड दुर्लक्षामुळे जुळलं नाही तर मनगट कायमचं दुखत राहतं.

बरगड्या दुखतात. पट्टा बांधावा का?

नाही. छाती आवळली की खोल श्वास घेता येत नाही, कफ साचतो आणि न्यूमोनिया होतो. उपचार उलटा आहे: वेदना पुरेशी कमी करायची आणि मुद्दाम खोल श्वास घ्यायचे, उशी छातीशी धरून खोकायचं. मोडलेली बरगडी जुळायला साधारण सहा आठवडे लागतात. धाप लागणं, थुंकीत रक्त, किंवा डाव्या खालच्या बरगड्यांवर मार लागून पोट दुखणं व चक्कर येणं, ही लक्षणं म्हणजे फुप्फुस किंवा प्लीहेला इजा झाली असण्याची शक्यता. वयस्कांना तीन-चार बरगड्या मोडल्यावर दवाखान्यात ठेवून घेतात, त्यात डॉक्टर अती करत नसतात.

मी पडलोच नाही, सीटवर बसलो होतो. मग कंबर का दुखते?

वेगवान बोट वस्तूवर किंवा लाटेवर आदळून वर उचलली जाते आणि आपटते, तेव्हा बसलेल्या माणसाचा मणका वरून-खालून दाबला जातो. छातीचा कणा जिथे संपतो आणि कमरेचा सुरू होतो, त्या भागातला मणका चेपतो. पुढच्या सीटवर हे जास्त होतं, कारण बोटीचं नाक सगळ्यात जास्त उचललं जातं. मार्च २०१९ मध्ये जपानमध्ये सादो बेटाकडे निघालेली जेटफॉइल (पाण्यातल्या पंखांवर उचलून धावणारी वेगवान बोट) समुद्रातल्या कशाला तरी, बहुधा देवमाशाला, धडकली आणि ८० हून जास्त जण जखमी झाले. प्रवासी आपापल्या सीटवर होते.

हाडं ठिसूळ असतील तर छोट्या धक्क्यानेही मणका चेपतो. बहुतेकांना औषधं, काही दिवस जपून हालचाल आणि मग व्यायाम एवढ्यावर आराम पडतो. पण लघवी अडणं, शौचावरचा ताबा जाणं, जांघांच्या आतल्या बाजूला बधिरपणा किंवा पायातली ताकद जाणं, यातलं काहीही झालं तर ती तातडीची शस्त्रक्रिया असू शकते. आणि मणका असा चेपला असेल तर बरं झाल्यावर हाडांची घनता तपासून घ्याच. खुबा किंवा मनगट मोडलेल्या ज्येष्ठांनाही हेच लागू.

घोटा मुरगळला की मोडला, कसं ओळखायचं?

दोन्ही बाजूंच्या घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर दाबून दुखत असेल, किंवा चार पावलंही टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढा. वरच्या डेकवरून उडी मारून टाचांवर उतरलेल्याची टाच मोडली असेल तर त्याचा कमरेचा मणकाही तपासायला सांगा. या दोन दुखापती जोडीने येतात.

खांदा निखळला आहे. कोणी ओढून बसवतो म्हणतं.

बसवू देऊ नका. हाड मोडलं असेल तर ओढल्याने नस किंवा रक्तवाहिनी फाटू शकते. झोळीत आधार द्या आणि दवाखाना गाठा.

दात पडला तर?

पक्का दात असेल तर मुळाला हात न लावता वरच्या भागाने उचला, दुधात टाका आणि तासाभरात दंतवैद्याकडे जा. दूध नसेल तर जखमीच्या स्वतःच्या लाळेत ठेवा. दुधाचा दात परत बसवत नाहीत.

गरोदर बाई पडली, पण पोटाला काही लागलेलं नाही.

तरी तपासणी हवी. २० आठवड्यांनंतर नुसत्या हिसक्यानेही वार (प्लॅसेंटा) गर्भाशयापासून सुटू शकते, आणि बाहेर रक्त दिसेलच असं नाही. पोट कडक होणं, कळा, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी होणं यातलं काही नसलं तरी बाळाच्या ठोक्यांवर निदान चार तास लक्ष ठेवतात. तोवर तिला डाव्या कुशीवर ठेवा. रक्तगट निगेटिव्ह असेल तर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शनबद्दल विचारा.

बोटीवर डॉक्टर असतो का?

छोट्या फेरीवर नसतो. प्रथमोपचार शिकलेले खलाशी आणि पेटी, एवढंच. १०० किंवा जास्त माणसं घेऊन तीन दिवसांहून लांबच्या आंतरराष्ट्रीय सफरीवर जाणाऱ्या जहाजावर डॉक्टर असायलाच हवा, असं २००६ च्या सागरी कामगार करारात आहे. मोठ्या क्रूझवर एक्स-रे, रक्ततपासणी, टाके, प्लास्टर इथपर्यंत सोय असते. सीटी स्कॅन आणि मोठ्या शस्त्रक्रिया यांसाठी किनाराच गाठावा लागतो.

डॉक्टर नसला तरी कप्तान रेडिओवर किंवा उपग्रह फोनवर किनाऱ्यावरच्या डॉक्टरचा सल्ला घेऊ शकतो. रोममधलं सीआयआरएम हे केंद्र १९३५ पासून समुद्रावरच्या जहाजांना असा सल्ला देत आलं आहे. तुम्ही द्यायची मदत म्हणजे नेमकी माहिती: वय, किती उंचीवरून पडले, शुद्ध गेली का, चालू औषधं, ॲलर्जी. औषधांची चिठ्ठी खिशात किंवा फोनमध्ये फोटो करून ठेवा. केबिनमधल्या बॅगेत असलेली चिठ्ठी ऐनवेळी कामाला येत नाही.

हेलिकॉप्टर बोलावता येत नाही का?

येतं, पण ते अंतर, वारा आणि अंधार यांवर अवलंबून असतं, आणि तारेने उचलणं हाच एक जोखमीचा प्रकार आहे. मार्च २०१९ मध्ये नॉर्वेजवळ इंजिनं बंद पडलेल्या 'वायकिंग स्काय'वरून साडेचारशेहून जास्त प्रवाशांना एकेक करून वर ओढावं लागलं. एकेकाला उचलायचं म्हटल्यावर किती वेळ जातो ते यावरून लक्षात येईल. कोणाला आधी पाठवायचं हे डॉक्टर आणि कप्तान ठरवतात. खाली येणाऱ्या तारेला ती डेकला टेकेपर्यंत हात लावू नका, तिच्यात स्थिर विजेचा झटका असतो.

जखमेला समुद्राचं पाणी लागलं. काही वेगळं करायचं?

भरपूर स्वच्छ पिण्याच्या पाण्याने धुवा, धनुर्वाताच्या लसीची तारीख बघा. कोमट समुद्राच्या पाण्यात व्हिब्रिओ नावाचे जंतू असतात. यकृताचा आजार, मधुमेह किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांमध्ये ते काही तासांत पाय सुजवून फोड आणू शकतात. लाली झपाट्याने पसरली किंवा जखमेच्या मानाने वेदना फारच जास्त असेल तर त्याच तासाला दवाखाना, आणि "जखमेला समुद्राचं पाणी लागलं होतं" हे आवर्जून सांगा. त्यावर अँटिबायोटिक ठरतं. हाड बाहेर दिसणाऱ्या जखमेत तर पहिला डोस जितका लवकर तितका चांगला.

वेदनेसाठी कुठली गोळी घ्यावी?

पॅरासिटामॉल, नेमून दिलेल्या प्रमाणात. डोक्याला मार असेल किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक स्वतःहून घेऊ नका. शस्त्रक्रिया लागेल असं वाटत असेल तर खायला-प्यायला देण्याआधी विचारा.

फारसं दुखत नाही. नाव न नोंदवता घरी गेलं तर चालेल का?

मी हात जोडून सांगते, नाव नोंदवा. धडकेनंतरच्या पहिल्या तासात अंगात भीतीची रसायनं असतात आणि वेदना दबलेली असते. खरं दुखणं रात्री किंवा दुसऱ्या सकाळी सुरू होतं. तेव्हा "तुम्ही त्या बोटीवर पडलात याचा पुरावा काय" हा प्रश्न येतो. खलाशाकडून अपघाताच्या नोंदवहीत नाव घालून घ्या, तिकीट जपा, पडलेल्या जागेचा आणि जखमेचा फोटो काढा, शेजारी असलेल्या दोघांचे फोन नंबर घ्या. दवाखान्यातल्या पहिल्या कागदावर "जहाजाच्या धडकेत पडून" असं लिहिलेलं असू द्या.

भरपाई मिळते का?

देश, मार्ग आणि तिकिटावरच्या अटी यांवर ते ठरतं. आंतरराष्ट्रीय सागरी प्रवासासाठी १९७४ चा अथेन्स करार आहे. त्यातली २००२ ची सुधारणा २०१४ मध्ये अमलात आली. ती जिथे लागू आहे तिथे टक्कर, जहाज रुतणं, आग अशा घटनांत प्रवाशाला कंपनीची चूक सिद्ध करावी लागत नाही. माणशी २,५०,००० एसडीआरपर्यंत जबाबदारी वाहतूकदाराचीच, फक्त युद्ध किंवा अतर्क्य नैसर्गिक आपत्तीसारखे अपवाद सोडून. त्यापुढे ४,००,००० एसडीआरपर्यंतही मिळू शकते, पण आपली चूक नव्हती हे वाहतूकदाराने दाखवलं तर नाही. एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक. दावा साधारण दोन वर्षांत करावा लागतो. अमेरिकेतून सुटणाऱ्या बऱ्याच क्रूझच्या तिकिटांवर मात्र सहा महिन्यांत लेखी कळवा आणि एका वर्षात दावा करा, अशी अट असते. तिकिटामागचं बारीक अक्षर वाचा, आणि घाईत पुढे केलेल्या "पूर्ण समाधान झाले" या कागदावर दवाखान्यात जाऊन येईपर्यंत सही करू नका.

प्लास्टर घालून विमानाने परत येता येईल का?

प्लास्टरनंतरच्या पहिल्या २४ ते ४८ तासांत बऱ्याच विमान कंपन्या परवानगी देत नाहीत किंवा प्लास्टर उभं चिरून आणायला सांगतात, कारण आतल्या हाताला-पायाला सूज येते. छातीत हवा साचली असेल किंवा मेंदूत रक्तस्राव झाला असेल तर डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय विमानात बसू नका. पाय प्लास्टरमध्ये असेल तर रक्ताच्या गुठळ्यांसाठी इंजेक्शन लागेल का ते विचारा.

हाड जुळलं, तरी चालताना भीती वाटते. हे मनाचंच आहे का?

थोडं मनाचं, थोडं पायाचं. सहा आठवडे न वापरलेला स्नायू आटतो, तोल जातो, आणि तोल गेला की भीती वाढते. म्हणून फिजिओथेरपी अर्धवट सोडू नका. फक्त मनगट मोडलेल्यांनाही तोल सावरायचे व्यायाम विचारून घ्या.

आणि मनाचं असलं तरी ते खोटं नाही. धडकेचा आवाज कानात घुमणं, झोपेत दचकणं, बोटीचं चित्र बघूनही छातीत धडधडणं, हे पहिले काही आठवडे बहुतेकांना होतं. बोलावंसं वाटेल तेव्हा बोला. कोणी बळजबरीने सगळा प्रसंग पुन्हा वदवून घेऊ नये, त्याने फायदा होत नाही. महिना उलटूनही हे कमी होत नसेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा, यावर चांगले उपचार आहेत.

मावशी आठ महिन्यांनी पुन्हा फेरीत बसली. जेट्टी दिसली तसे लोक उठून दाराकडे सरकले. ती दोन्ही हातांनी समोरची सीट धरून बसून राहिली, दोरखंड बांधून होईपर्यंत. मग मला म्हणाली, "आता उठूया."